वरच्या फाटकाचा कवी

मी खालच्या फाटकावर असते. सव्वीस वर्षं झाली. ज्यांच्याविषयी सांगणार आहे ते वरच्या फाटकावर होते, आणि आम्हा दोघांमध्ये नऊ किलोमीटरचा घाट. सहा वर्षांत आम्ही समोरासमोर भेटलो असू ते फार तर आठ-दहा वेळा, कारण ड्यूटीवर असताना दोघांपैकी एकालाही जागचं हलता येत नाही. बाकी सगळी ओळख फोनवरची. ते मला ‘खालच्या बाई’ म्हणायचे, मी त्यांना ‘वरचे’. माझा सख्खा भाऊ मागच्या गल्लीत राहतो, पण त्याच्या मनात काय चाललंय हे मला वर्ष वर्ष कळत नाही. वरच्यांच्या मनातलं मात्र दर तासाला कळायचं, मला ते हवं असो वा नसो.

रस्त्याचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा घाट अरुंद आहे. समोरून बस आली तर सायकलवाल्याने उतरून डोंगराला पाठ लावून उभं राहायचं, इतका. म्हणून एक तास गाड्या वरून खाली येतात आणि एक तास खालून वर जातात. तासाच्या पहिल्या अर्ध्या भागात गाड्या सोडायच्या. अर्धा झाला की फाटकाचा आडवा दांडा पाडायचा आणि दुसऱ्या फाटकाला फोन करून शेवटच्या गाडीचा नंबर द्यायचा. ती गाडी पोचल्याशिवाय तिकडचा दांडा उघडत नाही. ‘आधी दांडा, मग फोन’ असं माझ्या खोलीत भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं आहे. त्यांच्याही खोलीत होतं.

नंबराबरोबर धुकंही सांगावं लागतं. त्यासाठी यंत्र वगैरे काही नाही. कठड्यावर दहा-दहा पावलांवर चुना लावलेले पांढरे दगड आहेत. खिडकीत उभं राहायचं, किती दगड दिसतात ते मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं. तीनपेक्षा कमी दिसले तर बस सोडायची नाही. या कामाला डोळे लागतात आणि थोडी लाज लागते, बाकी काही नाही.

वरचे आले तेव्हा चाळीस वर्षांचे होते. त्याआधी सतरा वर्षं त्यांनी शहरात औषधांच्या घाऊक गोदामात खोकी भरून रवाना करायचं काम केलं होतं. पायाला भिंगरी म्हणतात ती त्यांच्या दोन्ही पायांना होती. जेवण उभ्याने, चहा चालता चालता, सिनेमा अर्ध्यातून सोडलेला. शेवटी बायको म्हणाली, तुमच्याबरोबर राहणं म्हणजे जन्मभर वेटिंग रूममध्ये राहणं. भांडण नाही, तंटा नाही, ती सामान घेऊन बहिणीकडे गेली आणि परत आली नाही. हे सगळं मला पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगून झालं. मी काही विचारलं नव्हतं.

असा माणूस घाटाच्या माथ्यावर पत्र्याच्या एका खोलीत एकट्याने बसायला येतो, म्हणजे नोकरी देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोघांचंही डोकं ठिकाणावर नसणार, असं मी नवऱ्याला म्हणाले. माझा नवरा याच घाटात बस चालवतो, त्यामुळे त्याने वरच्यांना पाहिलेलं होतं.

“दांड्याभोवती फेऱ्या मारत असतो,” तो म्हणाला. “दोन महिने टिकला तरी खूप.”

पहिलं वर्ष त्यांनी माझं डोकं खाल्लं. गाड्या सुटल्यावरचा तो रिकामा अर्धा तास त्यांना सोसवायचा नाही. लगेच फोन वाजायचा.

“बाई, तुमच्या घड्याळात किती वाजलेत?”

“आत्ताच तर विचारलंत.”

“तेव्हा पावणे होते.”

“मग आता तेरा मिनिटं कमी.”

“गाडी अडकली नसेल ना कुठे?”

“अहो, गाडी आत्ता तर सुटलीये. तिला चाकं आहेत, पंख नाहीत.”

मी तोंडाने फटकळ आहे हे सगळा रस्ता जाणतो. पण खरं सांगायचं तर त्यांच्या त्या तगमगीचा मला राग यायचा तो ती ओळखीची होती म्हणून. तोवर वीस वर्षं अर्ध्या-अर्ध्या तासांत जगल्यावर माझंही मन कशात अर्ध्या तासाच्या वर रमत नव्हतं. भाजी निवडायला घ्यायची आणि उठायचं. मुलीला पत्र लिहायला घ्यायचं आणि उठायचं. मी त्याला कामसूपणा म्हणत होते, एवढाच फरक.

मग दुसऱ्या वर्षी, ओल्या दिवसांत, एका सकाळी मी नेहमीप्रमाणे विचारलं, “किती दगड?”

“चार,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “आणि पाचवा.”

“म्हणजे पाच.”

“नाही. दिसतात चारच. पण पाचवा आहे असं वाटतंय. तो तिथे उभा राहून आपल्याला मोजतोय असं.”

“वरचे, रजिस्टरात काय लिहू मी? चार की पाच?”

“चारच लिहा. पण पाचवा आहे हो.”

“रजिस्टरात चार लिहायचे. पाचव्याची एवढी काळजी असेल तर त्याला दुसऱ्या वहीत लिहा, आणि मला कामं करू द्या.”

मी वैतागून बोलले होते. त्यांनी ते मनावर घेतलं. आठवड्याच्या सुट्टीला खाली आले, आमच्या रस्त्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून शंभर पानी वही घेतली आणि माझ्या खिडकीपाशी येऊन दाखवली. वहीवर ‘पाचवा’ असं नाव घातलेलं. हसू की रडू, मला कळेना.

सुरुवातीच्या कविता कशा होत्या म्हणाल तर वाईट होत्या. एका कवितेत डोंगर रडत होता, एकीत दरी हसत होती. मी फोनवर ऐकायची आणि म्हणायची, “डोंगर कधी रडताना पाहिलात? पाणी येतं ते रस्त्याखालची मोरी तुंबलीये म्हणून.” दुसरा कोणी असता तर रुसला असता. हे तासाभराने फोन करायचे, “बाई, बरोबर आहे तुमचं. मोरी पाहून आलो.” मग कवितेत मोरी यायची. असं करत करत, कधी ते नेमकं सांगता येत नाही, एक दिवस त्यांनी मला हे वाचून दाखवलं:

वळणापलीकडे काय आहे
हे वळणाला विचारू नये;
ते स्वतःच अजून
वळतं आहे.

मी फोन ठेवला आणि खिडकीतून पहिल्या वळणाकडे बघत बसले. त्या अर्ध्या तासात मी एकदाही उठले नाही. हे संध्याकाळी माझ्या लक्षात आलं.

त्यांच्यात बदल झाला तो नवऱ्याला आधी दिसला. “तुझा वरचा बसायला लागला,” तो म्हणाला. दांड्याशेजारी एक फळी टाकून ते बसत, मांडीवर वही, आणि गाडी आली की उठत. पाय हलायचे थांबले होते. जेवण ताट घेऊन, खाली बसून व्हायचं. शहरातल्या एका साप्ताहिकात त्यांच्या दोन कविता छापून आल्या. तो अंक त्यांच्या बायकोच्या हाती पडला आणि तिचं एका ओळीचं कार्ड आलं: ‘हे बसून लिहिलंत का?’ त्यांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं, मग पुन्हा वाचून दाखवलं. मी नंबर विचारला.

नवऱ्याची आणि त्यांची दोस्ती वेगळीच होती. नवरा कवितेच्या वाटेला जाणारा नाही. पण वरच्या फाटकातून बस काढताना तो दोनदा भोंगा द्यायचा आणि वरचे वही हवेत हलवायचे. एवढंच. सहाव्या वर्षापर्यंत असं चाललं.

आता ज्याने सगळं उलटं झालं ते सांगते.

त्या दिवशी दहा ते अकरा गाड्या खाली यायच्या होत्या. साडेदहाला फोन आला. “शेवटचा निळा टेम्पो,” ते म्हणाले आणि नंबर सांगितला. मी लिहून घेतला, परत वाचून दाखवला. “दगड?” मी विचारलं. “पाच,” ते म्हणाले, आणि मग आवाज एकदम बदलला. “थांबा बाई, एक ओळ आलीये.” आणि फोन खाली ठेवला. मी मनाशी हसले. हे आधीही चार-दोन वेळा झालं होतं.

अकराला पाच कमी असताना निळा टेम्पो आला. मी नंबर ताडून पाहिला, दांडा उचलला. ओळीत पहिली नवऱ्याची बस होती, चाळीस माणसं. तो काही न बोलता गेला. धुकं तोवर उतरू लागलं होतं, पण माझ्या खिडकीतून सहा दगड दिसत होते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी, चौथ्या किलोमीटरला, धुक्यातून त्याच्या समोर लाकडांनी भरलेला ट्रक आला.

वरच्यांनी दांडा पाडलाच नव्हता. आधी फोन केला, फोनमध्ये ओळ आली, ओळ लिहायला ते खोलीतच टेबलाशी बसले. पावणेअकराला उशीर झालेला ट्रकवाला आला, दांडा वर होता, तो निघाला. त्यांनी तो पाहिलासुद्धा नाही. हे आमच्याच कामातल्या माणसाकडून होऊ शकतं: फोन केला की मन म्हणतं, काम झालं. म्हणून तर भिंतीवर लिहिलेलं आहे.

भरलेला ट्रक ओल्या चढावर मागे जाऊ शकत नाही. म्हणजे बसने मागे यायचं. बसचं दार दरीच्या बाजूला, उतरून उभं राहायला तिथे वीतभर जागा नाही, म्हणून माणसंही उतरवता येईनात. नवऱ्याने चाळीस माणसांसकट बस चारशे पावलं मागे आणली, रुंद जागा येईपर्यंत. कोणाला खरचटलंही नाही. दुपारी तो घरी आला, हात धुतले, जेवला. मी विचारलं, “काय झालं? कसं केलंत?” तो म्हणाला, “झालं ते झालं.” त्यानंतर मी कितीदा विचारलं, कितीदा चिडले. एक अक्षर काढलं नाही.

पण माणूस बदलला. उभ्याने चहा प्यायला लागला. सुट्टीच्या दिवशी अंगणात उभ्या बसमध्ये जाऊन बसायचा, काच पुसायचा, पुन्हा पुसायचा. बोलता बोलता उजवा हात भिंतीवर नेऊन ठेवायचा. मी म्हणायची, “काय शोधताय?” तो हात काढून घ्यायचा.

चौकशी बांधकाम खात्याच्या कचेरीत झाली. त्याआधी तिथल्या कारकुनाने सहज म्हणून मला सांगितलं, “ट्रकवाले घाईत असले की दांडा स्वतःच उचलून निघतात, असं बऱ्याचदा होतं. होतं की नाही?” मला कळलं. साहेबांनाही ते सोयीचं होतं. ट्रकवाला परगावचा, त्याचं लायसन्स गेलं असतं आणि विषय मिटला असता. वरच्यांची नोकरी राहिली असती, फाटक राहिलं असतं, वही राहिली असती. मी वर फोन केला.

“दांडा पाडला होता म्हणून सांगा,” मी म्हणाले. “मी काही बोलणार नाही.”

“नवरा कसा आहे तुमचा?” त्यांनी विचारलं.

“माझ्या नवऱ्याचं मी बघते. तुम्ही सांगितलं तेवढं करा.”

मला त्यांचा संताप आला होता, हे खोटं नाही. माझा माणूस दरीच्या तोंडाशी नेऊन ठेवला होता त्यांनी. आणि तरीही त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं, कारण ते गेले तर त्या फोनवर मला पुन्हा नुसते नंबर ऐकू येणार होते. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि मला स्वस्थता नव्हती.

कचेरीत साहेबांनी आधी मला विचारलं. “साडेदहाच्या फोनवर काय बोलणं झालं?”

“शेवटच्या गाडीचा नंबर आणि दगड,” मी म्हणाले. “बाकी काही नाही.”

मग वरच्यांना विचारलं. ते उठून उभे राहिले. “बाई मला सांभाळून घेतायत,” ते म्हणाले. “मी फोनवर म्हणालो, थांबा, एक ओळ आलीये. मग मी कविता लिहीत बसलो. दांडा वरच राहिला. ट्रकवाल्याचा काही दोष नाही.”

ट्रकवाल्याने मान वर केली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला कुठे बघावं ते कळेना.

“कसली ओळ?” साहेबांनी विचारलं. त्यांना बहुधा खरंच जाणून घ्यायचं होतं.

“धुकं म्हणजे ढगांनी घेतलेली अर्ध्या दिवसाची रजा.”

“पुढे?”

“पुढे जमलं नाही.”

मला रडू येण्याइतका राग आला, कारण ओळ फार काही बरी नव्हती. असल्या ओळीसाठी चाळीस माणसं. निदान चांगली तरी असायची होती.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. “मला खोटी पाडलीत,” मी म्हणाले.

“तुम्हीच सांगितलं होतंत ना, रजिस्टरात चार लिहायचे.”

“ते दगडांचं सांगितलं होतं मी.”

“मी बाकी कशाचं शिकलोच नाही.” पिशवीतून त्यांनी पाच वह्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. “ठेवा, नाहीतर चुलीत घाला. माझ्या हातात पेन्सिल बरी नाही.”

मला खरमरीत ताकीद मिळाली, कागदावर. त्यांना फाटकावरून काढून रस्त्याच्या टोळीत टाकलं: मोऱ्या साफ करायच्या, पडलेली दरड उचलायची, कठडे दुरुस्त करायचे. वरच्या फाटकावर नवा माणूस आला. तरतरीत, नियमाचा पक्का. “नंबर अमुक, दगड सात, ठेवतो.” एकही चूक नाही. मला त्याला शिव्या द्याव्याशा वाटायच्या आणि त्याचा काडीचाही गुन्हा नव्हता.

वह्या मी चुलीत घातल्या नाहीत, उघडल्याही नाहीत. खिडकीखालच्या कपाटात ठेवल्या. दिवसातून दहादा कपाट उघडायची, बंद करायची. नवऱ्याला त्या कुठे आहेत ते माहीत होतं, पण तो त्यांचा विषय काढायचा नाही. टोळी रस्त्यात दिसायची तेव्हा तो भोंगा द्यायचा नाही, असं मला कंडक्टरने सांगितलं. वरचेही मान खाली घालून खोरं चालवत राहायचे. आणि आणखी एक सांगितलं: कामाची शिटी झाली, बाकीचे विडी ओढत बसले, तरी हा माणूस बसत नाही. कठड्याच्या कडेने ये-जा, ये-जा.

ते ऐकून मला वाटलं, संपलं. सहा वर्षांत डोंगराने आणि त्या शंभर पानी वह्यांनी मिळून जो माणूस खाली बसवला होता तो पुन्हा उठला. आता हा इथूनही जाईल, आणि कुठेच पोचणार नाही. एका घरात नवरा भिंती चाचपतोय, घाटात हा फेऱ्या मारतोय, आणि मी कपाट उघडझाप करतेय. तिघेही एकाच रस्त्यावर आणि कोणी कोणाशी बोलत नाही. दोन महिने असे काढले आणि मग माझ्याच्याने राहवेना.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी अकराच्या बसला चढले. पाच वह्या पिशवीत. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

“कुठे?”

“चौथ्या किलोमीटरला. टोळी तिथे आहे आज.”

“तिथे थांबा नाही.”

“माहीत आहे मला. मीही याच रस्त्याचं खाते.”

त्याने गाडी काढली. वाटेत तो एक शब्द बोलला नाही, पण चौथ्या किलोमीटरला, मोरीपाशी, टोळी दिसली तशी त्याने बस हळू केली आणि थांबवली. दार दरीच्या बाजूला, म्हणून मला पुढून, त्याच्या दाराने, डोंगराच्या अंगाला उतरावं लागलं. वरचे गुडघाभर चिखलात उभे होते. मला पाहून त्यांनी खोरं टेकवलं.

मी पिशवी पुढे केली. त्यांनी घेतली नाही, हात दाखवले. चिखलाने भरलेले.

“हात धुवून घ्या मग,” मी म्हणाले. “हे बघा, मला तुमचा राग आहे. तो जाणार नाही, जावा असंही काही नाही. पण त्या फोनवर दोन महिने मला कोणी काही सांगितलेलं नाही. मला करमत नाही. झालं एवढंच.”

बसमधून कोणीतरी ओरडलं, काय झालं म्हणून. कंडक्टरने काहीतरी उत्तर दिलं.

“लिहीत नाही मी,” ते म्हणाले. “पेन्सिल नाही धरली. पण खोरं मारताना होतं. एकच आहे, तीच ती पुन्हा पुन्हा होते. पुढे सरकत नाही.”

“म्हणा.”

त्यांनी एकदा बसकडे पाहिलं. नवरा खिडकीत कोपर टेकून समोर बघत होता, आमच्यात नसल्यासारखा. मग त्यांनी म्हटली, फोनवर म्हणायचे तशी, न वाढवता.

तो मागे मागे गेला
आरशात बघत.
चाळीस माणसं त्याच्या भरवशावर,
आणि तो
हातभर रस्त्याच्या.
मी तेव्हा
एक ओळ पुढे गेलो होतो.

मला नवऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. बसचं इंजिन धडधडत होतं. आमच्या घाटात चढावर उभी गाडी कोणी बंद करत नाही, पुन्हा सुरू होईल की नाही याचा भरवसा नसतो. वर नवा माणूस घड्याळाकडे बघत असणार, तेही माझ्या मनात येऊन गेलं. मी म्हणणार होते की जाऊ दे, निघू या. तेवढ्यात इंजिन बंद झालं.

“आरशात नाही,” नवरा म्हणाला.

वरच्यांनी मान वर केली.

“आरशात धुकंच दिसत होतं. आरशाचा काही उपयोग नव्हता.” तो अजून समोरच बघत होता. “मी खिडकीतून हात बाहेर काढला. उजवा. डोंगराला लावला. म्हटलं, डोंगर हाताला लागतोय तोवर डावी चाकं रस्त्यावर आहेत. एका हाताने स्टिअरिंग, एका हाताने डोंगर. असा आलो मागे.”

“कुठून?” वरच्यांनी विचारलं.

“त्या तिथून.” नवऱ्याने दाखवलं. “आणि इथे, या मोरीपाशी, डोंगर आत गेलाय. खळगा आहे. इथे हाताला काही लागलंच नाही.”

मी त्या चिखलातल्या दगडावर टेकले.

“किती वेळ?”

“मोजलं नाही. थांबता येत नव्हतं, उतार होता. हात नुसता हवेत. सकाळी मी हिच्याशी भांडून निघालो होतो, ते आठवलं. कशावरून भांडलो ते आठवेना. म्हटलं, निदान ते तरी आठवावं.”

मी आठवून पाहिलं. मलाही आठवेना. भांडण झालं होतं एवढं खरं.

“मग?” हे मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं.

नवऱ्याने पहिल्यांदा मान वळवली. आधी वरच्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि मोरीच्या अलीकडच्या काळ्या खडकावर तळवा टेकवला. “मग हा लागला,” तो म्हणाला, आणि हात तिथेच राहू दिला.